कानकाठीने ऐकलेली विहीर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. शेळ्या हाकायची काठी मी नव्हे आणि म्हाताऱ्या माणसाचा आधारही नव्हे. मी ऐकायची काठी. वय झालंय, अंगावर गंजाचे डाग आहेत, पण कान शाबूत आहेत आणि त्याचा मला गर्व आहे. असू नये का? ज्याच्याकडे आहे त्यानं मिरवावं.

माझी रचना अगदी सोपी आहे. कमरेएवढी उंच लोखंडी सळई, बोटाएवढी जाड, आणि वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. खालचं टोक फरशीला किंवा भिंतीला टेकवायचं आणि वरच्या वाटीला कान लावायचा. आत कुठे पाइप फुटून पाणी निसटत असेल, तर त्याचा आवाज माझ्या अंगातून चढत तुमच्या कानात येतो. खोटं वाटत असेल तर शाळेत बाकाला कान लावा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखानं खाजवायला सांगा. मग कळेल माझी करामत.

माझा जन्म बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या एका लेथच्या दुकानात झाला. मला करून घेणारा माणूस म्हणजे झुंबर मिस्त्री. मोरगावच्या बाजूचा, जिराईत भागातला गडी. आवाज असा, की जत्रेत लाउडस्पीकर बंद पडला तर यालाच उभं करावं! लेथवाल्यानं विचारलं, "हिला ना धार, ना टोक. करणार काय हिचं?"

"ऐकणार," झुंबर म्हणाला.

"सळई बोलती व्हय?"

"तुझ्यापरास बरं बोलती. तू नुसता रविवारचा वायदा करतोस आन् बुधवारी माल देतोस."

माझी वाटी इंदापूरच्या एका सुतारानं बाभळीच्या लाकडातून कोरली. ती माझ्या डोक्यावर बसली आणि झुंबरनं मला नाव दिलं, कानकाठी. दिवसभर तोंडाची टकळी चालवणारा हा माणूस माझ्या वाटीला कान लावला की एकदम गप्प व्हायचा. बायको सारजा म्हणायची, "माझं बोलणं ऐकायला बी एखादी काठी करून घ्या की." झुंबर तेवढंच ऐकू आलं नाही असं दाखवायचा.

आमची उमेदीची वर्षं झकास गेली. बारामती, इंदापूर, भिगवण, सगळीकडे आम्हाला बोलावणी यायची. कुणाच्या न्हाणीघराची भिंत ओली, कुणाची टाकी रात्रीतून रिकामी. मी टेकले, झुंबरनं कान लावला, की "हितं!" म्हणून त्यानं खडूनं फुली मारलीच. ती फुली क्वचितच चुकली. लोक तोंडात बोट घालायचे, झुंबरला चहा पाजायचे. मला मात्र भिंतीला टेकवून ठेवायचे, पण माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. फरशी फोडायचे पैसे लोक द्यायचे, पाइप जोडायचे द्यायचे, पण गळती शोधायचे पैसे मागितले की त्यांचे डोळे कपाळात जायचे. "शोधायचं कसलं पैसं? नुसता कान तर लावलासा!" आता सांगा, यावर काय बोलावं? मग झुंबरनं एक युक्ती काढली. गळती पटकन सापडली तरी उगाच चार ठिकाणी टकटक करायची, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि एका फरशीचं काम असलं तरी हातोडा घेऊन असा घाम गाळायचा की बघणाऱ्याला दया यावी. घाम दिसला की माणूस पाकिटाला हात घालतो. ऐकण्याला घाम येत नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा.

पुढे भाड्यानं ब्रेकर मिळायला लागले. विजेवर चालणारं ते धुडधुड यंत्र! लोकांना वाटलं, शोधत कशाला बसायचं, सगळीच खोली खणून काढा, कुठेतरी सापडेलच. झुंबरची बोलावणी आटली, तो नव्या बंगल्यांची नळजोडणी करू लागला, आणि माझी रवानगी परसात झाली. सारजाबाई माझ्यानं शेवग्याच्या शेंगा पाडायच्या. पावसाळ्यात माझ्यावर भिजलेली पोती वाळत घालायच्या. ज्या वाटीत पाण्याचा श्वास ऐकू यायचा, तिच्यात कोळ्यानं जाळं विणलं. वाईट वाटायचं का? वाटायचं की. पण मी रडत बसले नाही, कारण पाइप आहेत तोवर ते गळणार आणि गळणार तोवर कुणीतरी मला हुडकत येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. एके सकाळी झुंबरचा फोन वाजला. निरवांगीची निकिता बोलत होती. तिच्या माहेरच्या घरातली गळती आम्हीच पूर्वी शोधून दिली होती. तिचं सासर कळंबला. बाळंतपणासाठी माहेरी आली होती, मुलगी झाली होती, आणि आता परत जायची वेळ होऊन गेली होती.

"झुंबरकाका, आमच्या कळंबच्या घरात मधल्या खोलीत वल आलीय. तुमी यिऊन तेवढी शोधून द्या. शोधायचं पैसं वेगळं मिळत्याल."

झुंबरनं विचारलं, "फोडायचं किती?"

"फोडायचं नंतर बघू. आधी नुसतं शोधायचं. घराचा विमा हाय माझा. त्यात गळती शोधायचा खर्च बी धरलाय. कंपनीचा माणूस उद्या येणार हाय."

"पोरी, थट्टा करतीस का म्हाताऱ्याची?"

थट्टा नव्हती. निकितानं घराचा विमा उतरवला तेव्हा साऱ्या भावकीनं तिची टर उडवली होती. "घराचा इमा? घर काय म्हस हाय व्हय मरायला?" माणसाचा विमा असतो, ट्रॅक्टरचा असतो, पिकाचा असतो, जनावराचा असतो, घराचा विमा ही गोष्ट कुणाच्या गळी उतरेना. पण ती हट्टानं तो भरत राहिली होती.

मग ती हळू आवाजात बोलू लागली. मी परसात होते तरी मला सगळं ऐकू आलं. ऐकणं हा माझा धंदाच आहे. "काका, सासूबाई म्हणत्यात, घराखालची बुजवलेली विहीर उठलीय, म्हणून बाळाला आणू नगंस. कधी आणू इचारलं तर कायबी सांगत न्हाईत, फोन ठेवून देत्यात. मला ठाऊक हाय काय उठलंय ते. पोरगी झाली ना मला! विहिरीचं निमित्त हाय नुसतं. तुमी खरं काय ते शोधा. पाणी पायपाचं निघालं आन् तरीबी त्यांनी माझ्या लेकीला नको म्हटलं, तर मी परत त्या घरात पाऊल टाकायची न्हाय."

झुंबरनं फोन ठेवला आणि ओरडला, "सारजे, माझी कानकाठी कुठाय?" मी शेवग्याच्या झाडाला टेकून उभी होते. त्यानं मला उचललं, वाटीतलं जाळं फुंकून टाकलं, रॉकेलच्या फडक्यानं गंज पुसला. काय सांगू मित्रांनो, अंगात अशी तरतरी आली की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी आम्ही कळंबला पोचलो. चांगलं ऐटबाज घर, पुढे पडवी, मागे उसाचं रान. पडवीत निकिताचा नवरा रणजित भाड्यानं आणलेला ब्रेकर घेऊन तयारच बसला होता. आई एकीकडे आणि बायको दुसरीकडे अशा कात्रीत सापडलेला बिचारा तरुण. त्याला वाटत होतं, एकदा सगळी फरशी खणून काढली की सगळ्यांची तोंडं बंद होतील. विमा कंपनीनं पाठवलेला यशराज नावाचा सर्व्हेअर मोबाइलवर ओलीचे फोटो काढत होता. आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर प्रयागबाई बसल्या होत्या, रणजितची आई. डोक्यावरून पदर, ताठ कणा, आणि ओल्या फरशीवर त्यांनी हळदीकुंकू वाहिलेलं.

"झुंबरराव, तुमी उगा आलासा," त्या म्हणाल्या. "हितं काय गळत न्हाय. हितं विहीर व्हती. मी लगीन हून आले तवापासनं त्या विहिरीचं पाणी शेंदलं. घर बांधताना हेनी बुजवली. म्या म्हटलं, साती आसरांना इचारा, त्यांची ओटी भरा, मग बुजवा. कुणी ऐकलं न्हाय. आता त्या परत आल्यात."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. आपल्याकडच्या विहिरींत त्यांचा वास असतो असं जुनी माणसं मानतात. कुंकू लावलेले सात दगड मांडून त्यांची पूजा करतात, आणि त्यांना राग येईल असं काही करत नाहीत.

यशराज शांतपणे म्हणाला, "आजी, तुमच्या पॉलिसीत पाइपमधली लपलेली गळती शोधण्याचा खर्च आहे. शोधताना जे फोडावं लागेल ते परत बसवण्याचाही आहे. पण जमिनीतून वर येणारं पाणी त्यात धरत नाहीत. तुम्ही म्हणता तशी विहीर असेल, तर मला तसंच कळवावं लागेल."

"कळवा की. खरं तेच सांगते मी."

बघा आता पंचाईत! आसरा मानणाऱ्या प्रयागबाई आणि फोटो काढणारा सर्व्हेअर दोघंही एकाच बाजूला जायला निघाले. दुसऱ्या बाजूला होती ती लांब निरवांगीला बसलेली निकिता, तिची चिमुरडी, आणि झुंबरच्या खांद्यावरची मी. मला अजिबात भीती वाटली नाही. म्हटलं, पाइपांनो, बोलायला लागा एकदा, मी ऐकते.

पण ऐकायचं कसं? शेजारच्या गोठ्यात कडबाकुट्टी घरघरत होती, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या. झुंबर अंगणात गेला आणि त्यानं आपला तो जत्रेतला आवाज काढला, "अवं, कडबाकुट्टी बंद करा जरा! घराची नाडी बघायची हाय!" आळीतली माणसं हसली, पण यंत्र थांबलं. ट्रॉल्याही पुढे निघून गेल्या. मग झुंबरनं मला ओल्या फरशीवर टेकवलं आणि वाटीला कान लावला.

मुकं. अगदी मुकं. ना सुरसुर, ना फुसफुस.

"विहिरीचं पाणी मुकंच असतंय," प्रयागबाई म्हणाल्या.

रणजित ताडकन उठला. "बास झालं. मी खणून काढतो सगळं." त्यानं ब्रेकरची वायर उलगडायला घेतली.

"ठिव ती वायर खाली!" झुंबर कडाडला. "रोग रेड्याला आन् इंजेक्शन पखालीला, असलं काम करू नगंस. पाणी निघतं एकीकडं आन् दिसतं दुसरीकडं. ते उताराकडं जातंया. विहीर बुजवली ती माती वर्साला थोडी थोडी बसली आसंल, म्हणून फरशीला हितं खोलगा पडलाय. हितं पाणी जमलं, एवढंच. आलं कुठनं, ते बघू दे मला."

मग आम्ही घरभर फिरलो. स्वयंपाकघर गप्प, न्हाणीघराची फरशी गप्प, देवघर गप्प. एकच खोली राहिली होती, तिला कुलूप होतं. किल्ली प्रयागबाईंच्या कमरेला.

"ती बाळंतिणीची खोली हाय. तितं कुणी जायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"बाळंतीण न्हाय, बाळ न्हाय, मग कुलूप कशाला, आई?" रणजितचा आवाज चढला. "निकिता म्हणती तेच खरं का मग?"

प्रयागबाई उंबऱ्यावरून उठल्या. किल्ली काढली आणि दार उघडलं. आत लख्ख स्वच्छ खोली होती. खाट, तिच्यावर घडी केलेली वाकळ, भिंतींना निळा ऑइलपेंट. झुंबरनं मला खाटेच्या उशाकडच्या भिंतीला टेकवलं, आणि मित्रांनो, मला काय आवाज आला म्हणून सांगू! सूं सूं सूं, जणू सात जणी एकमेकींच्या कानात कुजबुजत होत्या. मी तो सगळाच्या सगळा झुंबरच्या कानात ओतला. त्याची मिशी थरथरली.

"मावशी, या. तुमीच ऐका."

प्रयागबाई आधी नको नको म्हणाल्या. मग पदर मागे सारून त्यांनी माझ्या वाटीला कान लावला. आणि एकदम दोन्ही हात जोडले. डोळे भरून आले.

"बोलत्यात! आसरा बोलत्यात. सातीच्या साती जणी हायत. ऐका रे, ऐका!"

घ्या! मी जीव तोडून पाइपाचा आवाज ऐकवला आणि त्यातून निघाल्या आसराच! यशराजनं मोबाइल खिशात घातला. रणजितनं कपाळाला हात लावला. दुसरा कुणी असता तर हसला असता किंवा वाद घालत बसला असता. झुंबर मात्र हसला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

"आसं म्हणता? मग इचारू की त्यास्नी," तो म्हणाला. "रणजित, गच्चीवर जा. टाकीचा कॉक बंद कर आन् मी सांगीपत्तोर हलू नगंस."

वरून "केला!" असं ओरडणं आलं. झुंबरनं थोडा वेळ जाऊ दिला.

"मावशी, आता ऐका."

त्यांनी कान लावला. भुवया जवळ आल्या. "गप झाल्या."

"रणजित, उघड!"

"बोलाया लागल्या," त्या पुटपुटल्या. मग माझ्यावरचा हात त्यांनी घट्ट केला आणि स्वतःच वर हाक मारली, "रणजित, बंद कर!" आणि ऐकलं. "उघड!" आणि ऐकलं. "बंद कर रे!" असं किती वेळा चाललं कोण जाणे. शेवटी गच्चीवरून आवाज आला, "आई, हाताला घट्टं पडलं माझ्या!"

प्रयागबाईंनी कान काढला. पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

"झुंबरराव, म्या उभा जल्म आसरा पुजल्या," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या काय टाकीच्या कॉकवर चालत न्हाईत."

मला कुणी पुरस्कार दिला असता तरी एवढा आनंद झाला नसता. पण काम अजून संपलं नव्हतं. झुंबरनं मला भिंतीवरून इंच इंच सरकवत नेलं. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि एका ठिकाणी इतका मोठा झाला की झुंबरनं कान झटकन मागे घेतला. तिथे खाटेच्या उशाला, निजलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, भिंतीत एक जाड खिळा ठोकलेला होता. मागच्या बाजूला न्हाणीघर. पाइप बरोब्बर तिथूनच खाली उतरत होता. खिळा पाइपात घुसला होता आणि त्याच्या कडेनं पाणी हळूहळू भिंतीच्या पोटात झिरपत फरशीखालून मधल्या खोलीतल्या खोलग्याकडे जात होतं. ऑइलपेंटमुळे वर काही दिसत नव्हतं.

"हा खिळा कुणी मारला?" झुंबरनं विचारलं.

रणजित गच्चीवरून खाली आला होता. "मला न्हाय ठाऊक. घर झालं तवा न्हवता."

"म्या मारला," प्रयागबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"दोरीला."

"कसल्या दोरीला, आई?"

 पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "पाळण्याच्या. निकितानं पडल्या पडल्या हात लांबवला की दोरी गावावी म्हणून उशाला मारला. ज्या दिशी फोन आला ना, पोरगी झाली म्हणून, त्याच दिशी मारला. तुझी वाट बघत कोण बसतंय? मीच हातोडी घेतली."

 मी भिंतीला टेकलेली होते. पाण्याच्या सुरसुरीमधून मला त्या माउलीच्या छातीचे ठोके ऐकू येत होते.

"मग आणू नको का म्हणालीस?" रणजितनं विचारलं. "पोरगी झाली म्हणून नको म्हणतीस, असं वाटलं की गं तिला. मलाबी वाटाया लागलं होतं."

"मुडद्या!" प्रयागबाई एकदम भडकल्या. "माझी नात मला नको व्हईल? आरं, वल दिसली आन् मी भ्यालेच. आसरांचा कोप झाला तर तान्हं लेकरू नेत्यात. खोलीला कुलूप घातलं ते बी त्यापायीच, कुणाचा पाय पडू नये म्हणून. तान्ह्या जिवाचं नाव घिऊन असलं वंगाळ तोंडातनं कसं काढायचं? म्या बोलले आन् तेच खरं झालं तर? म्हणून नुसतं म्हटलं, एवढ्यात आणू नगंस. आन् फोन ठेवून दिला. ठेवला की रडायची मी."

बघा मित्रांनो. तान्ह्या बाळाबद्दल वाईट बोलू नये ही आपल्याकडची रीत, मायेपोटीच आलेली. पण त्या न बोललेल्या शब्दानं घर आतून भिजत गेलं होतं, आणि निकिताला वाटत होतं की फरशीवरची ओल हे निमित्त आहे. ब्रेकर चालला असता तर काय झालं असतं? मधली खोली खणली असती, खाली बुजवलेल्या विहिरीची ओली माती निघाली असती, आणि सगळे म्हणाले असते, बघा, विहीरच होती. आज ना उद्या भिंतही पाडली असती आणि हा खिळा राडारोड्यात उकिरड्यावर गेला असता. त्या खिळ्याला कुणी विचारलंही नसतं, की बाबा, तुला कुणी मारला आणि कुणासाठी.

प्रयागबाईंनी यशराजकडे पाहिलं. "साहेब, माझ्याच हातची चूक निघाली. आता तुमची कंपनी काय देणार?"

"मुद्दाम मारलात का पाइपवर?"

"न्हाय वं. नातीसाठी मारला."

"मग झालं तर. आजी, माणसाच्या हातून चुकून होतं म्हणूनच विमा असतो," यशराज हसून म्हणाला. "शोधायचा खर्च मिळेल, भिंत उघडून परत करायचाही मिळेल. पाइपचा तुकडा तेवढा तुम्ही आणा, तो त्यात बसत नाही. आणि विहिरीचं मी काही कळवत नाही."

झुंबरनं कॉक बंद करायला लावला, खिळा उपटला, वीतभर भिंत उघडली आणि पाइपचा तेवढाच तुकडा बदलला. हातोडा जेमतेम चारदा उचलला असेल. घामही आला नाही, आणि पैसे मात्र शोधण्याचे मिळणार होते! माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या कामाचं नाव पावतीवर लिहिलं गेलं ते पहिल्यांदाच. 'गळती शोधणे.' मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

निकिताला कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून झुंबरनं तिला फोन लावला. मी त्याच्या खांद्याला टेकलेली, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"पोरी, पाणी पायपाचंच निघालं."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. "आता काय म्हणत्यात?" तिचा आवाज कोरडा होता.

"त्या काय म्हणत्यात ते राहू दे. भिंत काय म्हणती ते ऐक." आणि मग झुंबरनं तिला खिळ्याचं सांगितलं. कुठे होता, किती उंचीवर होता, कुणी मारला, कोणत्या दिवशी मारला.  मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, अडखळत येणारा.

प्रयागबाईंनी झुंबरच्या हातातून फोन घेतला. नवा बसवलेला पाइप, उघडी भिंत, हातातला तो वाकडा खिळा, सगळ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता माफी मागतील, रडतील. तसं काही झालं नाही. रोजच्यासारख्या करड्या आवाजात त्या म्हणाल्या, "निकिता, दोरीचा खिळा काढलाय. दुसरीकडं मारायचा हाय. तुझा हात कुठवर पोचतो ते मला हितं बसून कसं कळणार? तू ये आन् दाखव."

पलीकडून हुंदका आला, आणि मग हसू. "येते, आत्याबाई. उद्या सकाळीच येतो आमी दोघी."

आणि आल्या. निकितानं बाळ सासूच्या ओटीत दिलं, खाटेवर आडवी झाली, हात लांबवला आणि भिंतीवर बोट ठेवलं. झुंबरनं त्या जागी मला टेकवलं, मागे पाइप नाही याची खात्री करायला. पण ती चिमुरडी असं भोकाड पसरून रडत होती की मला दुसरं काही म्हणजे काही ऐकू येईना! झुंबर "गप, गप" करत राहिला. प्रयागबाई त्याच्यावर खेकसल्या, "तिला गप करू नगा. रडू दे तिला तिच्या घरात. तुमी थांबा घटकाभर." आणि आम्ही थांबलो.

तर मित्रांनो, मी आता पुन्हा कामाला लागले आहे. तुमच्या घरी विमा असेल तर आईबाबांना एवढं विचारा, की गळती शोधायचा खर्च त्यात धरलाय का? नसेल तर धरून घ्यायला सांगा. पाइपाशेजारी खिळा मारताना आधी बघा, पाणी वाया घालवू नका, जुन्या हत्याराला उकिरडा दाखवू नका. आणि घरात कुठे ओल दिसली, किंवा घरातलं एखादं माणूस बोलायचं बंद झालं, तर लगेच हातोडा उचलू नका. जवळ जा आणि आधी कान लावा.